उघडे हात

१२ जानेवारी

छोट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहिले असं समज. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तुझं तू बघ.

तीन वर्षं तू फोनवर आईशीच बोलतोस. "त्यांना दे" असं तू म्हणत नाहीस आणि "मला दे" असं मी म्हणत नाही. मी शेजारी पेपर धरून बसतो आणि तुझ्या आवाजातलं जेवढं बाहेर सांडतं तेवढं ऐकतो. तू तिकडच्या मोठ्या बेकरीत भट्टीवर लागलास, लग्न केलंस, सूनबाई शिवणकाम करते, इतपत मला ठाऊक आहे. घरगुती चौकशीसाठी हे पत्र नाही. कामाचं विचारायचं आहे.

तिकडे तू गरम ट्रे अजून उघड्या हाताने उचलतोस का? उचलत असशील तर पटकन उचलून टाकतोस, की सावकाश नेऊन ठेवतोस? फरक तुला कळेल. उघड्या हाताने ट्रे धरणारे पुष्कळ असतात, पण ते सगळे पळतात. सावकाश चालणारे आपण दोघंच. मला इथे चिमटामास्तर म्हणतात ते उगाच नाही, आणि तुला छोटा चिमटा म्हणायचे तेव्हा मी वरवर रागावायचो, तेही उगाच.

आता एक काम सांगतो. डोळे मिटून बस. सूनबाईला कापसाचं टोक पिळून बारीक करायला सांग आणि तुझी करंगळी, तिच्या शेजारचं बोट, तळव्याची बाहेरची कड आणि मनगटाची मागची बाजू, एवढ्या ठिकाणी ते हलकेच टेकवायला सांग. घासायचं नाही, दाबायचं नाही. जिथे टेकलं असं वाटेल तिथे तू बोट ठेव. किती वेळा चुकलास ते कळव. भट्टीवाल्यांच्या हातांबद्दल एका पुस्तकात वाचलं, म्हणून विचारतो. बाकी काही नाही.

इथे सगळं ठीक. गेल्या महिन्यात पावाच्या तीन खेपा करपल्या. मी आधी लाकडाला दोष दिला, मग माझ्या हाताखालच्या लंबूला. तुला माझी रीत माहीत आहे: हात भट्टीच्या तोंडात कोपरापर्यंत घालायचा, मनात आकडे म्हणायचे आणि कितव्या आकड्याला हात आपणहून मागे येतो त्यावरून भट्टी ओळखायची. मी ही रीत कुणाकडून शिकलो नाही, माझी मीच बसवली. लंबू म्हणाला, "मास्तर, हल्ली तुमचा हात आत जातो तो जातोच. आत कुणाची वाट बघतो?" सगळे हसले. मीही हसलो.

उत्तर लवकर पाठव.

तुझा बाप

३ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं हे मला कळलं आहे, कारण तू आईला फोनवर विचारलंस, "त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? कापूस काय, करंगळी काय." माझं डोकं ठिकाणावर आहे. कापसाचं काय झालं?

तुला थोडं जास्त सांगायला हवं. पहिल्या पत्राच्या आधीची गोष्ट. दुपारच्या भट्टीला करपल्याचा वास आला. मी लंबूला झापलं, की आतल्या रांगेकडे लक्ष कुठे आहे तुझं. लंबू रांगेकडे बघत नव्हता. माझ्याकडेही बघत नव्हता. माझा उजवा हात भट्टीच्या लोखंडी दाराला टेकलेला होता, करंगळीच्या बाजूने, तिकडे बघत होता. मी तसाच उभा राहून त्याला झापत होतो. हात मी नंतर काढला, तोही डोळ्यांनी बघितल्यावर.

त्या वासाची आठवण आली की अजून मला पाव खाववत नाही. हे आईला सांगू नकोस.

दवाखान्यात गेलो. कातडीचा विकार आहे, किरकोळ. डॉक्टरीणबाई तुझ्या वयाची आहे आणि मला काका म्हणते, ते मला आवडलेलं नाही. तिने कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांनी चाचपली, दोन्ही हातांची, आणि मग मलाच चाचपायला लावली. डावी सुतळीएवढी. उजवी दोरखंडासारखी. पाठीवर फिकट चट्टे निघाले. पाठ आपल्याला दिसत नाही आणि तुझ्या आईला वाटलं होतं की भट्टीच्या धगीने रंग उडाला असेल.

मग परीक्षा. डोळे मिटायचे, ती पेनाचं टोक टेकवणार, कळेल तिथे मी बोट ठेवायचं. मी आयुष्यात कुठली परीक्षा दिली नाही, पण नापास व्हायची सवय नाही. अंगठ्याला कळलं. पहिल्या बोटाला कळलं. पुढे काही कळेना. पण ती सारख्याच अंतराने टेकवत होती, लय माझ्या ध्यानात आली होती. त्या लयीत मी अंदाजाने करंगळीवर बोट ठेवत गेलो. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, पेन माझ्या खिशात आहे."

मी डोळे उघडले नाहीत.

तिने विचारलं, घरी कोण कोण असतं? मी सांगितलं, आम्ही दोघंच, नवरा-बायको. यात खोटं काही नाही.

आईलाही तपासलं. तिच्या अंगावर काही नाही, नखाएवढंही नाही. पुढे काही होऊ नये म्हणून तिला एकदाच घ्यायचं औषध दिलं आणि लघवी एखादा दिवस लाल होईल, घाबरू नका, असं दोनदा बजावलं. तरी घरी आल्यावर ती कपाळाला हात लावून बसली, की आता आपलं काही खरं नाही. मी म्हटलं, अगं, माझीही लाल आहे. ती म्हणाली, "तुम्ही कशाला प्रत्येक गोष्टीत माझ्या पुढे?" एवढं काय ते हसलो आम्ही त्या आठवड्यात.

कापूस विसरू नकोस.

बाप

२१ मार्च

छोट्या,

कुष्ठरोग. लिहिला एकदाचा. तुझी आजी ज्याला महारोग म्हणायची आणि म्हणताना आवाज खाली आणायची, तोच.

आपणहून लिहिलेलं नाही. काल तुझी आई म्हणाली, "त्याचा फोन येईल तेव्हा मी सांगणार. तुम्हाला आधी लिहायचं असेल तर लिहा." तुला माहीतच आहे, ती आवाज चढवत नाही तेव्हा वाद घालून उपयोग नसतो.

आता मला जे कळलं आहे ते नीट सांगतो. हा जंतूंचा आजार आहे, पूर्वजन्माचा काही संबंध नाही. औषधाने पूर्ण बरा होतो. मला वर्षभराच्या गोळ्या आहेत. महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाईच्या समोर गिळायच्या, बाकी रोज घरी. गोळ्या सुरू झाल्या की आपल्यापासून दुसऱ्याला लागायचा धोका बघता बघता संपतो. पावातून लागत नाही, हे मी तिला तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून घेतलं. सहजासहजी कुणालाच लागत नाही. वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्यांना लागू शकतो, आणि दिसायला वर्षं जातात.

हे शेवटचं वाक्य तिने कागद आवरता आवरता सांगितलं. तेव्हापासून मला दुसरं काही ऐकू येत नाही.

तू जन्मल्यापासून माझ्या घरात होतास. मिसरूड फुटायच्या आधीपासून माझ्या भट्टीवर होतास, माझ्याच टॉवेलला हात पुसत.

आणि तो दिवस. तू हातमोजे आणलेस, जाड, कोपरापर्यंतचे, दोन जोड, एक माझ्यासाठी. मी ते सगळ्यांदेखत भट्टीत टाकले आणि म्हटलं, ज्याला हातमोजे लागतात त्याने दुकानात बसून बिस्किटं मोजावीत. तू नुकताच काढून मांडणीवर ठेवलेला ट्रे उघड्या हातांनी उचललास, बेकरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलास, न आपटता ठेवलास आणि मागच्या दाराने निघून गेलास. मी तुझा चेहरा शेवटपर्यंत पाहिला. पापणी हलली नाही.

तीन वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगतो. पोरगा गेला, पण हात बघा, बापाचा हात आहे, असं म्हणतो. पीठवाल्याला सांगितली, न्हाव्याला सांगितली, बेकरीच्या मालकीणबाईंना दोनदा सांगितली.

आता ती मलाच ऐकवत नाही. तुझी पापणी का हलली नाही, छोट्या? माझीही हलत नव्हती. मला वाटायचं वय वाढतं तसा हात पक्का होतो. पक्का होत नव्हता. मरत होता, आणि मी त्याचं कौतुक सांगत होतो.

कापूस राहू दे. सरळ दवाखान्यात जा. कपडे काढून पाठ दाखव, कोपराच्या नसा चाचपायला सांग आणि बापाला हा आजार आहे असं स्पष्ट सांग. लाजू नकोस. मी अजून लाजतो, तू लाजू नकोस.

बाप

३० एप्रिल

छोट्या,

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर बघून हसशील. पण वाच, कारण हे तुझ्यासाठी आहे.

मध्यंतरी माझा रंग बदलला. एका गोळीने कातडी काळपट तांबूस होते, पुढे उतरते. बेकरीत मी काही सांगितलेलं नव्हतं. लंबू म्हणाला, "मास्तर, स्वतःलाच भट्टीत घातलंत की काय? जरा जास्त खरपूस झालाय." मी म्हटलं, उन्हाचं. तो म्हणाला, "कुठलं ऊन? आपण दोघंही सूर्य फक्त सुट्टीला बघतो." मग तो गप्प झाला. त्याचं गप्प होणं मला आवडलं नाही. त्या दिवसापासून माझा चहाचा कप मीच वेगळा ठेवू लागलो, कुणी ठेवायच्या आत.

मग आजाराने उचल खाल्ली. पाठीवरचे चट्टे लाल होऊन सुजले. कोपराची नस अशी ठणकायला लागली की सदऱ्याची बाही लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागली. सरळ करायची म्हटलं तर दुसऱ्या हाताने करावी लागत, आणि सोडली की पुन्हा हळूहळू आत वळत. मी समोर ठेवून बघत बसायचो. माझा हात, आणि माझं ऐकत नाही.

मी माझ्या अकलेने विचार केला. पीठ जास्त फुगलं तर यीस्ट कमी करतो. गोळ्या सुरू होण्याआधी हात नुसता बधिर होता, दुखत नव्हता. म्हणजे गोळ्यांनीच बिघडवलं. गोळ्या बंद केल्या. आईला सांगितलं नाही. रोजची गोळी पाकिटातून काढून भट्टीत टाकायचो, म्हणजे पाकीट तिला बरोबर दिसावं. यात मी चोख होतो.

आईला पाकिटावरून नाही कळलं. बोटांवरून कळलं. मी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायला लागलो होतो. तिने मला दवाखान्यात नेलं, नेलं म्हणजे पुढे घालून नेलं.

डॉक्टरीणबाई चिडेल असं वाटलं होतं. ती घाबरली, आणि तिला घाबरलेलं बघून मी घाबरलो. ती म्हणाली, "काका, जंतू मरत होते, आणि मेलेल्या जंतूंवर तुमचं शरीर तुटून पडलं होतं. ती सूज त्या मारामारीची आहे. ती शांत करायचं औषध वेगळं असतं, ते मी दिलं असतं. तुम्ही मात्र जंतू मारणंच थांबवलंत." मग आधीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जोडीला नसेची सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या, रोज सकाळी एकदम, पुढे हळूहळू कमी करायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. कोपर हलू नये म्हणून पट्टी. बोटांना वेगळी पट्टी. रोज हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, बोटं सरळ करायचे व्यायाम. आणि उष्ण काय, थंड काय हे डोळ्यांना विचारायचं, हाताला नाही.

मी विचारलं, हात परत येईल? ती म्हणाली, थोडा येईल. लवकर आला असतात तर सगळा आला असता.

तेव्हा मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. "घरी दोघंच म्हणाला होतात." मी म्हटलं, आता दोघंच आहोत. तिने विचारलं, मुलगा तपासून आला का? त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

छोट्या, तू फोनवर आईला म्हणतोस, जाईन, जाईन, कामातून वेळ नाही. हा आवाज मी ओळखतो. माझाच आहे. बघितलं नाही तर नाहीच, असं वाटत असतं. मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचा हात बघतो आणि मग तुझा हात डोळ्यांसमोर येतो, तो ट्रे धरलेला, आणि त्याची दोन बोटं आत वळायला लागतात. दिवसातून किती वेळा, हे सांगत नाही.

जा.

बाप

१९ मे

छोट्या,

काल फोनवर मी धड बोललो नाही म्हणून लिहितो. तू फोन ठेवला नव्हतास, मीच आईच्या हातात दिला आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. का, ते सांगतो.

तू म्हणालास, "फोन त्यांना दे." आईने फोन माझ्यापुढे धरला आणि मी तो घेतला. तू म्हणालास, गेलो होतो. एक चट्टा निघाला, खांद्याच्या मागे, रुपयाएवढा, कापूस टेकवला तर कळत नाही. एकच. सहा महिन्यांच्या गोळ्या. सूनबाईला तपासलं, तिला काही नाही.

म्हणजे मी घाबरत होतो ते खरं निघालं. कपाटाला टेकलो. तू पुढे बरंच बोललास, त्यातलं मला काही कळलं नाही, मी एकच शब्द विचारला. हात?

तू म्हणालास, "हाताला सगळं कळतं, बाबा. त्या दिवशीही कळत होतं. भाजलं होतं मला. मागच्या दाराने बाहेर पडलो तो नळाखाली हात धरून रडत बसलो. महिनाभर फोड होते. तुम्ही बघत होतात म्हणून चेहरा हलू दिला नाही."

हे ऐकून मी फोन दिला. माझ्या पोराचा हात भाजला, तो नळापाशी एकटा रडला, आणि ते ऐकून मला जे वाटलं त्याला आनंद सोडून दुसरा शब्द मला सापडेना. अशा आनंदात माणूस कुणाशी काय बोलणार? आई दारात येऊन विचारत होती, काय झालं, काय म्हणाला तो? मी म्हटलं, त्याला भाजलं होतं. ती म्हणाली, "मग? तुम्हाला काय वाटलं, तो लोखंडाचा आहे?"

आता नीट वाच. गोळ्या चुकवू नकोस. चट्टा गेला, बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. लाल झाला, सुजला, नस दुखली, बोटाला मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आपल्या अकलेने काही करायचं नाही. आपल्या घरात तेवढी अक्कल मी वापरून संपवली आहे. दर महिन्याला दोन्ही हात तपासून घे, आणि परीक्षेत डोळे खरंच मीट.

माझी बोटं थोडी सरळ होतात. करंगळी अजून ऐकत नाही. परवा मालकीणबाईंना आणि लंबूला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवून. मालकीणबाई कागद वाचत राहिल्या, मी नजर खाली ठेवली. काय ठरलं ते अजून बोलल्या नाहीत. उद्या बोलावलं आहे. रात्री झोप लागत नाही. लंबूने मात्र माझ्या वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा प्यायला, मुद्दाम, आवाज करत. भट्टीला उष्णता दाखवणारा काटा बसवायचा, असं मीच मालकीणबाईंना सुचवलं आहे. कामावर ठेवलं तर काट्याकडे बघून भाजीन.

ते हातमोजे कुठून आणले होतेस ते कळव. मला एक जोड हवा आहे. उजवा सैल लागेल, आत बोटांना पट्टी असते. पोस्टाने पाठवलेस तरी चालतील. आणून दिलेस तर माप तिथल्या तिथे बघता येईल.

तुझा बाप